सयाम–ब्रह्मदेश रेल्वे : युद्धकैदी आणि वेठीच्या मजुरांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने थायलंड (पूर्वीचा सयाम) आणि ब्रह्मदेश यांना जोडणारा ४१५ किलोमीटरचा लोहमार्ग युद्धकैद्यांकडून आणि आशियाई मजुरांकडून सक्तीने बांधून घेतला. ‘मृत्यूची रेल्वे’ या नावाने तो जगभर ओळखला जातो. या मार्गावरचा एक पूल ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ या इंग्रजी चित्रपटामुळे प्रसिद्ध आहे. तो आणि उरलेला सगळा मार्ग ज्यांनी बांधला त्या माणसांची माहिती मात्र पुष्कळांना नसते. मरण पावलेल्यांपैकी बहुसंख्य लोक सैनिक नव्हते आणि त्यांतील हजारो जण मलायातील रबराच्या मळ्यांवर राबणारे तमिळ होते, ही गोष्ट भारतीय वाचकाने विशेष लक्षात घ्यावी असे आम्हाला वाटते.

ही रेल्वे कोठून कोठे जात होती आणि जपानला ती का हवी होती?

थायलंडमधील बान पोंगजवळच्या नोंग प्लाडुक येथून निघून कांचनबुरीमार्गे क्वाई नोई नदीच्या काठाकाठाने हा मार्ग तीन पॅगोडांच्या खिंडीपर्यंत चढत असे आणि पलीकडे ब्रह्मदेशातील थानब्युझायात येथे तेथील जुन्या रेल्वेला मिळत असे. १९४२ च्या पूर्वार्धात जपानने ब्रह्मदेश जिंकला, पण तेथील सैन्याला रसद पोहोचवायची तर सिंगापूरला वळसा घालून मलाक्काच्या सामुद्रधुनीतून रंगूनपर्यंत जहाजे न्यावी लागत. जून १९४२ मध्ये पॅसिफिक महासागरात झालेल्या मिडवेच्या लढाईनंतर जपानी आरमाराचे बळ घटले, शत्रूच्या पाणबुड्यांचा धोका वाढला आणि जमिनीवरून जाणारा रस्ता ही निकड झाली. याच रसदीच्या भरवशावर पुढे १९४४ ची इंफाळ-कोहिमाची मोहीम आखली गेली, त्यामुळे या रुळांचा संबंध थेट भारताच्या सीमेपर्यंत पोहोचतो.

ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या मार्गाचा विचार करून पाहिला होता आणि दाट जंगल, डोंगर, हिवताप व अफाट पाऊस यांमुळे तो सोडून दिला होता. जपानी अभियंत्यांनी काम हाती घेतले ते दोन्ही टोकांकडून एकदम, १९४२ च्या मध्यापासून. १७ ऑक्टोबर १९४३ रोजी कोंकोइता येथे दोन्हीकडचे रूळ एकमेकांना भिडले, म्हणजे काम साधारण सव्वा वर्षात उरकले. अवजड यंत्रे जवळजवळ नव्हतीच, म्हणून ती गती माणसांच्या अंगातून काढली गेली.

किती माणसे राबली आणि किती मरण पावली?

युद्धकैदी साठ हजारांहून अधिक होते. त्यांत सुमारे ३० हजार ब्रिटिश, १८ हजार डच, १३ हजार ऑस्ट्रेलियन आणि सातशेच्या आसपास अमेरिकन होते. त्यांपैकी १२ हजारांहून अधिक, म्हणजे साधारण पाचातला एक, परत आला नाही.

आशियाई मजुरांची नोंद कोणी नीट ठेवली नाही. ब्रह्मी, तमिळ, मलाय, जावानीज, चिनी अशा पावणेदोन लाखांहून अधिक लोकांना या कामावर लावले गेले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते आणि त्यांच्या मृत्यूंचा नेहमी दिला जाणारा आकडा ९० हजारांच्या घरात आहे. एकाच मार्गावर, एकाच पावसात आणि एकाच पहारेकऱ्यांच्या हाताखाली दोन गटांच्या मृत्युदरात एवढे अंतर का पडले, याचे उत्तर पुढे आले आहे आणि आमच्या मते या साऱ्या इतिहासातला तोच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

हे युद्धकैदी कोठून आले होते?

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले आणि ब्रिटिश साम्राज्याचे हजारो सैनिक एका दिवसात कैदी झाले. त्यानंतर काही आठवड्यांत जावा पडल्यावर डच सैन्य हाती लागले. त्यांच्यासोबत अमेरिकन तोफखान्याची एक पलटण आणि बुडालेल्या ‘ह्यूस्टन’ या युद्धनौकेवरचे वाचलेले खलाशीही पकडले गेले.

यात महाराष्ट्राशी एक धागा जुळतो. सिंगापुरात कैद झालेल्या ब्रिटिश अठराव्या डिव्हिजनच्या काही पलटणी १९४१ च्या डिसेंबरअखेरीस मुंबईला उतरल्या होत्या आणि अहमदनगरच्या लष्करी छावणीत काही आठवडे राहिल्या होत्या. जानेवारीत त्यांना पुन्हा मुंबईहून जहाजावर चढवले गेले आणि सिंगापूर पडायला जेमतेम पंधरवडा उरलेला असताना तेथे उतरवले गेले. नगरच्या मैदानावर कवायत केलेली ही इंग्लंडच्या पूर्व भागातील तरुण मुले वर्षभरात सयामच्या जंगलात दगड फोडत होती.

कैद्यांत भारतीय सैनिकही होते का?

सिंगापुरात शरण आलेल्या सैन्यात भारतीय सैनिक सुमारे ४५ हजार होते. जपान्यांनी त्यांना १७ फेब्रुवारी १९४२ रोजी फॅरर पार्कवर एकत्र करून ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन सैनिकांपासून वेगळे केले. त्यांतले बरेच जण आझाद हिंद सेनेत गेले. जे गेले नाहीत त्यांच्यापैकी हजारोंना न्यू गिनी आणि आसपासच्या बेटांवर वेठीला पाठवले गेले, जिथे त्यांचे अतोनात हाल झाले. त्यामुळे या रेल्वेवरील युद्धकैद्यांत भारतीय सैनिकांचा मोठा गट आढळत नाही. या मार्गावर भारतीय होते ते प्रामुख्याने मजूर म्हणून.

प्रत्यक्ष काम कसे चालत असे?

सिंगापूरच्या चांगी छावणीतून निघालेल्या कैद्यांना धान्य वाहून नेण्याच्या लोखंडी बंद डब्यांत, एका डब्यात तीसच्या आसपास माणसे, असे कोंबून चार-पाच दिवसांचा प्रवास घडवला जाई. हे डबे दिवसा तापत आणि रात्री गार पडत, आणि झोपायला पुरेशी जागा नसल्यामुळे लोक पाळीपाळीने अंग टेकत. बान पोंगला उतरल्यावर पुढची छावणी पायी गाठायची आणि पोहोचल्यावर स्वतःच जंगल तोडून बांबू व पानांच्या झोपड्या उभारायच्या, असा क्रम होता.

कामाची हत्यारे म्हणजे कुदळ, फावडे, पहार, घण, करवत आणि माती वाहायला टोपल्या किंवा दोन बांबूंना बांधलेले तांदळाचे पोते. भरावाच्या कामात प्रत्येकाने दिवसाला किती माती टाकायची याचे माप ठरलेले असे. सुरुवातीला काही तुकड्यांनी लवकर छावणीत परतता यावे म्हणून माप झपाट्याने पुरे केले, तेव्हा अधिकाऱ्यांनी माप वाढवले. अशक्त माणसांच्या वाट्याचे काम धडधाकट माणसांवर पडे आणि मग तीही अशक्त होत. पूल लाकडी असत आणि त्यांचे खांब नदीच्या तळात ठोकण्यासाठी कैदी कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून दोर ओढत आणि वजनदार ठोकळा वर उचलून खाली सोडत.

खडक फोडण्याचे काम सर्वांत कष्टाचे होते. एकाने पोलादी छिन्नी धरून प्रत्येक घावानंतर थोडी फिरवायची, दुसऱ्याने घण घालायचा, ठरलेल्या खोलीचे भोक पडले की त्यात दारू भरून सुरुंग उडवायचा आणि लगेच आत शिरून तुटलेले दगड हातांनी उपसायचे. कोन्यू येथील खडकातील खोदाई, जिला कैद्यांनी ‘हेलफायर पास’ म्हणजे नरकाग्नीची खिंड असे नाव दिले, ती याच रीतीने झाली. तिचा सर्वांत खोल भाग सुमारे ७५ मीटर लांब आणि २५ मीटर खोल आहे. एप्रिल १९४३ च्या अखेरीस काम सुरू झाले आणि सुमारे तीन महिन्यांत ते संपवले गेले. रात्रपाळीला तेलाचे दिवे, मशाली आणि बांबूच्या शेकोट्या पेटवल्या जात आणि त्या उजेडात हाडाची काडे झालेली उघडी माणसे घण घालताना वरून दिसत, त्यावरून हे नाव पडले.

१९४३ च्या आरंभी टोकियोने कामाची मुदत अलीकडे ओढली आणि कैद्यांच्या आठवणींत ‘स्पीडो’ म्हणजे ‘भरभर’ या आरोळीने ओळखला जाणारा काळ सुरू झाला. पाळी सोळा-अठरा तासांपर्यंत लांबली, रोजची मारहाण वाढली आणि पहारेकरी आजाऱ्यांना झोपड्यांतून बाहेर काढून कामावर नेऊ लागले. नेमका याच वेळी त्या वर्षीचा मान्सून लवकर आणि जोरात आला. बूट कुजून गेलेले, कपडे फाटून संपलेले, त्यामुळे बहुतेक जण लंगोट लावून अनवाणी काम करत होते.

पहारेकरी कोण होते?

अभियंते आणि बांधकामावर देखरेख करणारे सैनिक जपानी रेल्वे रेजिमेंटचे होते, तर छावण्यांच्या पहाऱ्यावर पुष्कळ ठिकाणी कोरियन होते. कोरिया तेव्हा जपानची वसाहत होती आणि जपानी सैन्यात या कोरियनांना सर्वांत खालचे स्थान होते. वरच्याने मारायचे आणि खालच्याने सोसायचे ही त्या सैन्याची रीत कैद्यांपाशी येऊन थांबत असे. यामुळे त्यांच्या क्रौर्याचे समर्थन होत नाही, पण ते कोठून उतरत आले हे कळते.

युद्धकैद्यांविषयीचे आंतरराष्ट्रीय नियम तेव्हा नव्हते का?

नियम होते. युद्धकैद्यांविषयीच्या १९२९ च्या जिनिव्हा करारावर जपानने सही केली होती, मात्र त्याला संमती देऊन तो अमलात आणला नव्हता. १९४२ च्या आरंभी योग्य त्या फेरफारांसह तो पाळू असे आश्वासन मात्र जपानने दिले होते. नागरी मजुरांच्या बाबतीत तर जपानने १९३० चा सक्तीच्या मजुरीविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार १९३२ मध्येच मान्य केला होता. म्हणजे दोन्ही बाबतींत काय अयोग्य आहे हे राज्यकर्त्यांना माहीत होते.

खायला काय मिळत असे?

पांढरा, अतिसडीचा, अनेकदा किडका तांदूळ आणि त्यासोबत भोपळा, मुळा किंवा पालेभाजी घातलेले पातळ पाणी, हे नेहमीचे जेवण होते. आजाऱ्याला आणखी कमी मिळे, कारण जो काम करत नाही त्याला पूर्ण शिधा नाही, असा नियम होता. सडून पांढऱ्या केलेल्या तांदळातून ब जीवनसत्त्व निघून जाते आणि बेरीबेरी होतो, हे डच वसाहतीतून आलेल्या डॉक्टरांना चांगले ठाऊक होते, म्हणून मिळेल तेथून मूग आणि तांदळाचा कोंडा मिळवण्याची त्यांची धडपड चाले. कैद्यांना दिवसाच्या कामाचे काही सेंट मिळत. त्यांतून नदीवरच्या व्यापाऱ्यांकडून बदकाची अंडी घेतली जात. पगार थोडा जास्त असलेले अधिकारी त्याचा काही भाग रुग्णांच्या अन्नासाठी देत आणि छावणी नदीजवळ असली तर या अंड्यांनी कितीतरी जीव वाचले.

लोक कशाने मरत होते आणि डॉक्टर काय करू शकत होते?

हिवताप, आमांश, बेरीबेरी, पटकी (कॉलरा) आणि चिघळलेल्या जखमा ही मुख्य कारणे होती आणि बहुतेकांना त्यांपैकी दोन-तीन एकदम झालेली असत. बांबूचा साधा ओरखडा पायावर उठला तरी कुपोषित शरीरात तो पसरत जाई आणि नडगीचे हाड उघडे पडे. कुजलेले मांस धार लावलेल्या चमच्याने खरवडून काढणे हा रोजचा उपचार होता आणि तो भूल न देता केला जाई. जखम तरीही वाढली तर पाय कापावा लागे. ब्रह्मदेशात थानब्युझायातपासून पंचावन्नाव्या किलोमीटरवर असलेल्या छावणीत ऑस्ट्रेलियन शल्यविशारद अल्बर्ट कोट्स यांनी अशा शंभराहून अधिक शस्त्रक्रिया बांबूच्या झोपडीत केल्या.

चुंगकाईच्या रुग्णछावणीत कॅनडाचे डॉक्टर जेकब मार्कोविट्झ यांनी रक्त देण्याची एक सोपी पद्धत वापरली : दात्याचे रक्त भांड्यात घेऊन सतत ढवळायचे, म्हणजे गुठळी करणारे तंतू वेगळे होतात, आणि गाळलेले रक्त रुग्णाला चढवायचे. पटकीच्या साथीत नदीचे पाणी उकळून, त्याची वाफ थंड करून, त्यात मीठ घालून ते पोकळ बांबूच्या सुईने शिरेत सोडले जाई. ऑस्ट्रेलियाचे एडवर्ड डनलॉप, ज्यांना सहकारी ‘वेअरी’ म्हणत, ते रोज सकाळी जपानी अभियंत्यांसमोर उभे राहून कोणता आजारी माणूस कामावर जाणार नाही यासाठी भांडत आणि त्याबद्दल मार खात.

या डॉक्टरांच्या कौशल्याचे कौतुक नेहमी होते आणि ते व्हायलाच हवे. पण कैद्यांना तारणारी आणखी एक गोष्ट होती : त्यांच्याकडे सैन्याची शिस्त शिल्लक होती. संडासाचे चर कोठे खणायचे, पिण्याचे पाणी उकळल्याशिवाय कोणी तोंडाला लावायचे नाही, जेवणाची भांडी उकळत्या पाण्यात बुडवायची, पटकीने मेलेल्यांना लगेच जाळायचे, हे सांगणारे अधिकारी आणि ते ऐकणारी माणसे होती. शेजारच्या मजूर छावणीत यातले काहीच नव्हते.

कैद्यांच्या तुकड्यांपैकी सर्वांत वाईट हाल कोणाचे झाले?

एप्रिल १९४३ मध्ये चांगीहून निघालेल्या ‘एफ फोर्स’ या सात हजारांच्या तुकडीचे. चांगल्या हवेच्या, भरपूर अन्नाच्या ठिकाणी नेत आहोत असे सांगून तिच्यात आजारी माणसेही घेतली गेली. बान पोंगपासून त्यांना रात्री-रात्री चालवत सुमारे ३०० किलोमीटर सीमेजवळच्या सोनक्राई भागात नेले गेले आणि वाटेतच त्यांना पटकीने गाठले. वर्ष संपेपर्यंत तीन हजारांहून अधिक मेले.

तमिळ मजूर तेथे कसे पोहोचले?

दक्षिण भारतातून पिढ्यानपिढ्या मलायाच्या रबर मळ्यांवर गेलेली ही कुटुंबे होती. युद्ध आले, रबराची निर्यात थांबली, मळेवाले पळून गेले आणि मजुरांकडे काम किंवा तांदूळ उरला नाही. जपानी प्रशासनाने दिवसाला एक डॉलर, फुकट शिधा आणि राहायला जागा देऊन तीन महिन्यांचे काम देऊ केले, तेव्हा पहिले मजूर आपण होऊन गेले. काहींनी बायकामुलांनाही बरोबर नेले. गेलेले परतेनात, म्हणून पुढे कोणी तयार होईना. मग मळ्यांवर माणशी हिस्सा ठरवून दिला गेला, रस्त्यांवरून माणसे उचलली गेली आणि फुकट सिनेमा दाखवतो म्हणून लोकांना जमवून दारे बंद करून थेट गाडीत घातल्याचेही प्रसंग घडले. मलायातून अशा रीतीने नेलेल्यांची संख्या पाऊण लाखाच्या आसपास होती आणि त्यांत तमिळ सर्वांत जास्त होते.

तेथे त्यांना विचारणारे कोणी नव्हते. त्यांच्यात अधिकारी नव्हते, डॉक्टर जवळजवळ नव्हते, जपानी अधिकाऱ्याशी बोलू शकणारा दुभाषा नव्हता आणि वेगवेगळ्या मळ्यांवरून आणलेली, एकमेकांना अनोळखी माणसे एकाच झोपडीत टाकलेली होती. तहान लागली की लोक नदीचे पाणी तसेच पीत. मे-जून १९४३ मध्ये पटकी पसरली तेव्हा मजुरांच्या कित्येक छावण्या काही दिवसांत रिकाम्या झाल्या. कैद्यांच्या आठवणींत मेलेल्यांच्या शेजारी मरायला टेकलेल्या माणसांची, आईबाप गेल्यावर एकट्या राहिलेल्या मुलांची वर्णने येतात. १९४३ च्या मध्याला जपान्यांनी चांगीतून युद्धकैदी डॉक्टर आणि परिचारकांची छोटी पथके मजुरांच्या छावण्यांत पाठवली, पण औषधांशिवाय आणि फार उशिरा.

वर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. मजुरांचे शरीर कैद्यांपेक्षा दुबळे होते म्हणून ते अधिक मेले, असे म्हणणे चुकीचे आहे. उष्ण हवेची आणि भाताची त्यांना उलट अधिक सवय होती. त्यांच्यासाठी भांडणारा, पाणी उकळून घेणारा आणि मेल्यावर नाव लिहून ठेवणारा कोणी नव्हता, म्हणून ते मेले.

कोणी पळून जाऊ शकले का?

पळण्याचे प्रयत्न झाले, पण बहुतेक सर्व फसले. शेकडो किलोमीटर जंगल, नकाशा नाही, अन्न नाही आणि गोऱ्या कातडीमुळे ओळखू येणे निश्चित. पकडलेल्यांना सहसा ठार मारले जाई. जून १९४२ मध्ये ब्रह्मदेशातील टाव्हॉय येथे आठ ऑस्ट्रेलियनांना अशीच शिक्षा झाली.

स्थानिक लोकांनी मदत केली का?

केली, आणि ती जिवावर उदार होऊन केली. कांचनबुरीचे व्यापारी बूनपोंग सिरिवेज्जभंडू छावण्यांना भाजीपाला पुरवत. त्या मालाबरोबर ते औषधे, पैसे आणि लपवलेल्या रेडिओसाठी लागणाऱ्या बॅटऱ्या आत पोहोचवत. रेडिओ सापडल्यास काय होते हे सर्वांना माहीत होते : १९४३ मध्ये कांचनबुरीच्या छावणीत या कारणावरून दोन ब्रिटिश अधिकाऱ्यांना मारहाण करून ठार केले गेले.

चित्रपटात दाखवलेला तो पूल खरा आहे का?

पूल खरा आहे. चित्रपटातील कथा काल्पनिक आहे आणि १९५७ च्या त्या चित्रपटाचे चित्रीकरण श्रीलंकेत झाले. कांचनबुरीजवळच्या तामार्कान येथे आधी लाकडी आणि मग जावाहून आणलेल्या लोखंडी कमानींचा असे दोन पूल १९४३ मध्ये बांधले गेले. त्याखालची नदी तेव्हा मे क्लोंग होती; क्वाई याई हे तिचे आजचे नाव चित्रपटाच्या प्रसिद्धीनंतर दिले गेले. चित्रपटात दाखवल्याप्रमाणे पूल कमांडोंनी उडवला नाही, तर १९४४-४५ मध्ये विमानांतून बाँब टाकून तो पाडला गेला आणि त्या हल्ल्यांत शेजारच्या छावणीतील कैदीही मेले. तामार्कानचे ज्येष्ठ ब्रिटिश अधिकारी फिलिप टूसी यांनी शत्रूला मनापासून साथ दिली असा समज या कथेमुळे पसरला आणि त्यांच्या हाताखालच्या कैद्यांना त्याचे फार दुःख झाले. टूसींनी माणसे जगवण्यासाठी शिस्त राखली होती.

जगाला हे कधी कळले?

सप्टेंबर १९४४ मध्ये. रेल्वे पुरी झाल्यावर कैद्यांना जपानमधील खाणींत आणि कारखान्यांत नेत असताना ‘राकुयो मारू’ आणि ‘काचिदोकी मारू’ ही जहाजे अमेरिकन पाणबुड्यांनी बुडवली. आत कैदी आहेत हे पाणबुड्यांना माहीत नव्हते. दीड हजारांच्या आसपास कैदी बुडाले, पण दीडशेच्या आसपास जणांना त्याच पाणबुड्यांनी काही दिवसांनी समुद्रातून उचलले आणि त्यांनी जंगलातील हकिकत सांगितली.

दोषींना शिक्षा आणि पीडितांना भरपाई मिळाली का?

युद्धानंतर या रेल्वेवरील अत्याचारांसाठी शंभराहून अधिक जपानी आणि कोरियन लोकांवर खटले चालले. ३२ जणांना फाशीची शिक्षा झाली. जपानशी झालेल्या १९५१ च्या शांतता करारानंतर ब्रिटिश कैद्यांना प्रत्येकी ७६ पौंडांच्या आसपास मिळाले. त्यांच्या संघटनांनी अनेक वर्षे पाठपुरावा केल्यावर २००० साली ब्रिटिश सरकारने हयात कैद्यांना किंवा त्यांच्या विधवांना १० हजार पौंड दिले आणि पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियाने २५ हजार डॉलर दिले. या नंतरच्या दोन्ही रकमा कैद्यांच्या स्वतःच्या सरकारांनी दिल्या. मलायातील मजुरांच्या वारसांपर्यंत असे काही पोहोचले नाही. मलेशियातील तमिळ संघटना ही मागणी आजही करत आहेत, आणि ती न्याय्य आहे.

आज तेथे काय पाहता येते?

नोंग प्लाडुक ते नाम टोक हा सुमारे १३० किलोमीटरचा भाग चालू आहे. बँकॉकच्या थोनबुरी स्थानकातून सुटणारी साधी प्रवासी गाडी तामार्कानच्या पुलावरून आणि वांग फो येथील कड्याला चिकटून बांधलेल्या लाकडी पुलावरून जाते. नाम टोकच्या पुढे ‘हेलफायर पास’ येथे ऑस्ट्रेलियन सरकारने १९९८ मध्ये संग्रहालय उघडले असून खिंडीतून चालत जाता येते. खडकात अडकलेल्या छिन्न्यांच्या खुणा तेथे दिसतात. त्याहून वरचा मार्ग उखडला गेला आणि त्याचा काही भाग धरणाच्या पाण्याखाली गेला. उद्घाटनाच्या वेळचे एक वाफेचे इंजिन टोकियोतील यासुकुनी मंदिराच्या संग्रहालयात ठेवलेले आहे.

कांचनबुरीच्या युद्धस्मशानात जवळजवळ सात हजार, चुंगकाईला सतराशेंच्या आसपास आणि थानब्युझायातला पावणेचार हजार कबरी आहेत. अमेरिकनांचे अवशेष मायदेशी नेले गेले. या कबरींपैकी बहुतेकांवर नाव, वय आणि पलटण लिहिलेली आहे, कारण छावणीतील कोणीतरी ती नोंद कागदाच्या कपट्यावर लिहून, बाटलीत घालून, मृताबरोबर किंवा झोपडीखाली पुरून ठेवली होती. मजुरांसाठी अशी स्मशानभूमी नाही. १९९० मध्ये कांचनबुरी येथे एका सामूहिक दफनातून शेकडो मजुरांचे सांगाडे निघाले. तेथे जाणाऱ्या भारतीय प्रवाशाने युद्धस्मशान पाहावेच. त्याखेरीज तामार्कानच्या पुलाजवळ जपानी रेल्वे दलाने १९४४ मध्ये स्वतः उभारलेले स्मारकही पाहावे, कारण मृत मजुरांसाठी लावलेल्या त्यावरच्या फलकांत एक तमिळमध्ये आहे.